एलडीएच वाढलंय? काय करावे, काय टाळावे

आक्रमक लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरबद्दल दोन गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्या लागतात. हा आजार वेगाने वाढतो, काही आठवड्यांत डोळ्यांदेखत गाठ मोठी होते. आणि तरीही तो पूर्ण बरा होऊ शकतो, पुष्कळदा चौथ्या टप्प्यातसुद्धा. म्हणूनच यात वाया गेलेला एकेक आठवडा महाग पडतो, आणि हे आठवडे पुष्कळदा रक्ताच्या चाचण्यांमागे धावण्यात जातात.

बंगळुरात मराठी माणसं दोन वाटांनी या आजारापाशी येतात. व्हाइटफील्डला किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारी मुलं गावाहून आलेल्या आईवडिलांचं ‘फुल बॉडी चेकअप’ करून घेतात आणि मोबाइलवर आलेल्या रिपोर्टमध्ये एलडीएचसमोर लाल बाण दिसतो. दुसरी वाट बेळगाव, खानापूर, निपाणीची. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून ही मंडळी होसूर रोडवरच्या किडवई संस्थेत सकाळी फाइल घेऊन उभी असतात. दोघांचाही प्रश्न एकच असतो: आकडा एवढा आलाय, म्हणजे नक्की काय?

रक्तातला आकडा रोग किती आहे आणि किती घाईत आहे याचा अंदाज देतो. रोग कोणता, हे तो सांगत नाही. ते गाठीचा तुकडाच सांगतो. खालची सगळी यादी या एका गोष्टीभोवती आहे.

गाठ हाताला लागली तर

करा: मानेतली, काखेतली, जांघेतली गाठ दोन-तीन आठवड्यांत बसली नाही किंवा वाढतच गेली, तर थेट हिमॅटॉलॉजिस्ट किंवा मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट गाठा. सोबत कारण न सापडणारा ताप, रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम, किंवा सहा महिन्यांत वजनात १० टक्क्यांहून जास्त घट असेल तर त्याच आठवड्यात.

करा: जमेल तिथे अख्खी गाठ काढून तपासायचा आग्रह धरा. सुईने पेशी ओढून केलेली तपासणी, म्हणजे एफएनएसी, पहिली शंका घ्यायला ठीक आहे. लिम्फोमाचं नाव ठरवायला मात्र पेशी कशा मांडलेल्या आहेत हे दिसावं लागतं आणि सुईत ती मांडणी मोडते. गाठ पोटात किंवा छातीत खोल असेल तर जाड सुईची ‘कोअर’ बायोप्सी चालते, पण तुकडे पुरेसे घ्यायला सांगा.

टाळा: बायोप्सीच्या आधी स्टेरॉइड. ताप जात नाही, अंग दुखतं, म्हणून जवळच्या दवाखान्यात प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन सहज दिलं जातं. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने भराभर मरतात. चार दिवस पेशंटला बरं वाटतं, गाठ लहान होते, आणि मग काढलेल्या तुकड्यात निदान करण्याजोगं काही उरत नाही. महिन्याभरात गाठ परत येते, तोवर एक महिना गेलेला असतो. श्वासनळी दाबली जात असेल तर डॉक्टर जीव वाचवायला स्टेरॉइड देतील, तो भाग वेगळा. बाकी वेळी औषधाच्या चिठ्ठीवर ‘सोलोन’, ‘डेक्सा’, ‘मेड्रॉल’ अशी अक्षरं दिसली तर गोळी घेण्याआधी विचारा: बायोप्सी झाल्यावर सुरू केली तर चालेल का?

टाळा: पुराव्याशिवाय टीबीचं औषध. आपल्याकडे मानेतली गाठ म्हटलं की पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो चुकीचा नाही, क्षय आपल्याकडे आहेच. चूक होते ती ‘दोन महिने औषध देऊन बघू’ म्हणण्यात. क्षयालाही पुरावा मागता येतो. गाठीच्या तुकड्यावर सीबीनॅट चाचणी होते, कल्चर होतं. आक्रमक लिम्फोमाला ‘बघू’चे दोन महिने परवडत नाहीत.

करा: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सर्जनना एवढं विचारा की तुकडा कशात पाठवणार. सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला की क्षयाचं कल्चर होत नाही आणि फ्लो सायटोमेट्रीही होत नाही. थोडा भाग सलाइनमध्ये, बाकीचा फॉर्मॅलिनमध्ये, हे आधी ठरलं तर दुसऱ्यांदा चिरा घ्यावा लागत नाही.

करा: मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या. गावात बायोप्सी झाली असेल तर बंगळुरातलं किंवा मुंबईतलं रुग्णालय त्याच ब्लॉकवरून पुढच्या तपासण्या करतं. नुसता छापील रिपोर्ट आणून भागत नाही. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.

एलडीएच वाचताना

एलडीएच म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असणारं एन्झाइम. साखर जाळताना पायरुवेटचं लॅक्टेट आणि लॅक्टेटचं पायरुवेट करायचं काम त्याचं. पेशी फुटली की ते रक्तात सांडतं. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीत पेशी मोठ्या संख्येने जन्मतात आणि मोठ्या संख्येने मरतातही, म्हणून एलडीएच चढतं. बेस्कॉमचं मीटर घरात वीज किती जळली ते सांगतं, कुठल्या खोलीत आणि कुणी जाळली ते सांगत नाही. एलडीएचचं तसंच आहे.

करा: आकड्याशेजारची त्या लॅबची वरची मर्यादा वाचा. वेगवेगळ्या लॅब वेगवेगळ्या पद्धती वापरतात. एकीकडे २४०च्या आसपास मर्यादा असते, दुसरीकडे त्याहून बरीच वर. त्यामुळे ‘कोल्हापूरला ३८० होतं, इथे २९० आलं, म्हणजे कमी झालं’ हा हिशेब खोटा ठरू शकतो. आकड्याला त्या लॅबच्या वरच्या मर्यादेने भागा. दीड पट, दोन पट, तीन पट अशी नोंद ठेवा. डॉक्टरही असंच बघतात. आयपीआय या जोखमीच्या निर्देशांकाच्या (त्याबद्दल खाली) २०१४ साली आलेल्या सुधारित रूपात तर एलडीएचचे गुण पटींवरच आहेत: मर्यादेच्या वर, तीन पटींपर्यंत एक, त्यावर दोन.

करा: शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा.

करा: रिपोर्टच्या तळाशी ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा आहे का बघा. तांबड्या पेशींमध्ये एलडीएच रक्तद्रवाच्या कितीतरी पट असतं. सुई नीट लागली नाही, सिरिंजने जोरात ओढलं, किंवा घरून घेतलेली नळी दुचाकीवरून सिल्क बोर्डच्या कोंडीत तासन्‌तास हिंदकळत राहिली, की तांबड्या पेशी नळीतच फुटतात आणि एलडीएच खोटं वाढतं. पोटॅशियमही खोटं वाढतं. शेरा असेल तर घाबरण्याआधी ताजं रक्त द्या, शक्यतो लॅबमध्ये स्वतः जाऊन. आणखी एक बारकावा: एलडीएचचे काही प्रकार थंडीत टिकत नाहीत, त्यामुळे ‘नीट राहावं’ म्हणून नमुना बर्फात ठेवणं या तपासणीला उलटं पडतं.

टाळा: एलडीएच वाढलंय म्हणजे कॅन्सरच, हा निष्कर्ष. डेंग्यूत ते वाढतं, मलेरियात वाढतं, यकृताला सूज असेल तर वाढतं, हृदयविकारात वाढतं. आदल्या दिवशी टीसीएस वर्ल्ड टेन-के धावून आलेल्या तरुणाचंही वाढलेलं असू शकतं, कारण स्नायूंतून ते सांडतं. आणि आपल्या शाकाहारी घरांसाठी मुद्दाम सांगतो: बी-१२ची तीव्र कमतरता असेल तर मज्जेतल्या अर्धवट घडलेल्या पेशी तिथेच मरतात आणि एलडीएच हजारांत जाऊ शकतं. त्या माणसाला कॅन्सर नसतो, त्याला बी-१२ हवं असतं.

टाळा: एलडीएच नॉर्मल आहे म्हणून गाठ सोडून देणं. ही चूक वरच्या चुकीपेक्षा जास्त घातक, कारण ती गप्प बसवते. सुरुवातीच्या टप्प्यातल्या, एकाच ठिकाणी असलेल्या आक्रमक लिम्फोमात एलडीएच पुष्कळदा मर्यादेतच असतं. गाठ हाताला लागतेय आणि रक्त चांगलं आहे, अशा वेळी हातावर विश्वास ठेवा.

करा: निदान झाल्यावर आपला आयपीआय किती, हे डॉक्टरांना विचारा. १९९३ साली ठरलेला हा आंतरराष्ट्रीय निर्देशांक पाच साध्या गोष्टींना एकेक गुण देतो: वय ६०च्या वर, एलडीएच मर्यादेच्या वर, टप्पा तिसरा किंवा चौथा, लसिकाग्रंथींबाहेर एकाहून जास्त ठिकाणी रोग, आणि माणूस कामधंदा करू शकत नाही इतका खचलेला. शून्य किंवा एक गुण म्हणजे कमी जोखीम, चार-पाच म्हणजे जास्त. इतकी वर्षं झाली, महागड्या जनुकीय तपासण्या आल्या, तरी ही यादी टिकून आहे. तिच्यातली रक्ताची एकमेव चाचणी म्हणजे एलडीएच, आणि ती कुठल्याही तालुक्याच्या लॅबमध्ये होते.

टाळा: त्या निर्देशांकासोबत नेटवर सापडणारे जगण्याचे टक्के पाहून हताश होणं. १९९३चे टक्के रिटुक्सिमॅबच्या आधीच्या काळातले आहेत. हे औषध अमेरिकेत १९९७ साली मंजूर झालं. २००२ साली फ्रेंच-बेल्जियन गटाने ६० ते ८० वयाच्या ३९९ रुग्णांवरचा अभ्यास छापला: नुसत्या चॉप केमोने ६३ टक्क्यांत रोग पूर्ण नाहीसा झाला, रिटुक्सिमॅब जोडल्यावर ७६ टक्क्यांत. २००७ साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने त्याचं देशी रूप ‘रेडिटक्स’ बाजारात आणलं आणि ते आपल्याकडच्या अनेक कुटुंबांच्या आवाक्यात आलं. जुने टक्के ज्या रुग्णांचे होते त्यांना हे औषध मिळालंच नव्हतं.

की-६७ आणि वाढीचे इशारे

पेशी वाढते ती तिला आतून-बाहेरून ‘वाढ’ असे इशारे मिळतात म्हणून. आक्रमक लिम्फोमात यातला सगळ्यात दांडगा इशारा ‘एमवायसी’ नावाच्या जनुकाचा. डॉक्टर त्याला ‘मिक’ म्हणतात. हे जनुक पेशीला विभागायला लावतं आणि त्यासाठी लागणारी साखर जाळायची सोयही करून देतं. ज्या जनुकांना ते जागं करतं त्यांत खुद्द एलडीएच बनवणारं एक जनुक आहे. म्हणजे गाठीतल्या केंद्रकात उठलेल्या इशाऱ्याची एक खूण दंडातून काढलेल्या रक्तात दिसते. भरपूर प्राणवायू असतानाही कर्कपेशी साखर अर्धवटच जाळतात, हे ऑटो वॉर्बुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवलं होतं. त्यांच्या त्या निरीक्षणाला मिकमुळे एक कारण मिळालं. मला हा दुवा फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे एलडीएचला अर्थ येतो. पण रक्तात खूण दिसते म्हणजे मिक रक्तात मोजता येतं असं नाही. तो तपास गाठीवरच करावा लागतो.

करा: पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये या गोष्टी आहेत का बघा: सीडी२०, सीडी३, सीडी१०, बीसीएल६, एमयूएम१, बीसीएल२, मिक आणि की-६७. यातलं काही नसेल तर ‘हे करायचं राहिलंय का?’ असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सीडी२० आहे म्हणजे रिटुक्सिमॅबला धरायला जागा आहे. सीडी१०, बीसीएल६, एमयूएम१ यांवरून जीसीबी की नॉन-जीसीबी हा उपप्रकार ठरतो.

टाळा: ‘की-६७ ९० टक्के’ याचा अर्थ ‘कॅन्सर ९० टक्के पसरला’ असा लावणं. हा गैरसमज मी इतक्या घरांत पाहिलाय की तो दिसला की पोटात तुटतं. १९८३ साली जर्मनीतल्या कील शहरात योहानेस गेर्डेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अँटिबॉडी तयार केली. कीलचं ‘की’, आणि ज्या खोबणीत ती सापडली तिचा क्रमांक ६७. ही अँटिबॉडी ज्या प्रथिनाला चिकटते ते विश्रांती घेणाऱ्या पेशीत नसतं, विभागायच्या वाटेवर असलेल्या पेशीत असतं. म्हणजे ९० टक्के याचा अर्थ त्या तुकड्यातल्या शंभरातल्या नव्वद कर्कपेशी विभागायच्या धांदलीत आहेत. रोग शरीरभर किती पसरला हे त्यात नाही, ते पेट-सीटी सांगतो. बर्किट लिम्फोमात की-६७ जवळजवळ १०० टक्के असतं, तरी योग्य उपचारांनी तो बरा होऊ शकतो. विभागणाऱ्या पेशींवरच केमो नेम धरते, हेही विसरू नका.

टाळा: ‘डबल एक्स्प्रेसर’ आणि ‘डबल हिट’ यांची गल्लत. पहिल्यात मिक आणि बीसीएल२ ही प्रथिनं जास्त दिसतात, साधारण ४० आणि ५० टक्क्यांच्या वर. हे रंगवलेल्या काचपट्टीवर कळतं आणि बऱ्याच रुग्णांत आढळतं. दुसऱ्यात ती दोन जनुकंच जागा बदलून बसलेली असतात, ते फक्त फिश चाचणीत कळतं, आणि ते खूप कमी जणांत असतं. उपचारांच्या तीव्रतेचा निर्णय यावर फिरू शकतो. फोनवर नातेवाइकांना ‘डबल आहे’ एवढंच सांगू नका, कोणतं डबल ते कागदावर लिहून घ्या.

करा: फिशचा खर्च आणि वेळ आधीच विचारा.

टाळा: इशारा सापडला म्हणजे त्यावर औषध सापडलं, ही समजूत. ही आशा मोठमोठ्या संशोधकांनीही धरली होती. गाठीला रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून सुटणारा व्हीईजीएफ हा इशारा थांबवणारं बेव्हॅसिझुमॅब आर-चॉपला, म्हणजे रिटुक्सिमॅब आणि चॉप केमोला, जोडून पाहिलं. फायदा झाला नाही, हृदयाला मात्र इजा वाढली. नॉन-जीसीबी पेशींतला वाढीचा इशारा तोडणारं इब्रुटिनिब जोडलं, तर एकूण रुग्णांत फरक पडला नाही. साठीच्या आतल्यांना काही फायदा दिसला, वयस्करांना त्रासच जास्त झाला. म्हणून बहुतेकांना आजही सहा चक्रं, दर २१ दिवसांनी, असा जुना मार्गच सांगितला तर डॉक्टर मागासलेले आहेत असं समजू नका.

या चाचण्यांवर पैसे घालवू नका

टाळा: ‘कॅन्सर मार्कर पॅनेल’. सीईए, सीए १९-९, पीएसए, एएफपी या चाचण्या लिम्फोमासाठी नाहीत. सीए-१२५ लिम्फोमात वाढू शकतं, पण पोटात किंवा छातीत पाणी झालं की ते कशानेही वाढतं, आणि मग बिचाऱ्या आईची अंडाशयाच्या कॅन्सरसाठी धावपळ सुरू होते.

टाळा: स्वतःहून व्हीईजीएफ, आयएल-६, आयएल-१० मोजून घेणं. संशोधनात या आकड्यांना मोल आहे. तुमच्या आर-चॉपचा डोस त्यांनी बदलत नाही.

टाळा: ‘एका थेंबात कॅन्सर ओळखा’ अशी जाहिरात. रक्तात तरंगणारा गाठीचा डीएनए मोजण्याचं शास्त्र खरं आहे आणि वेगाने पुढे जातंय. तरी गाठ समोर असताना बायोप्सी टाळायचं ते निमित्त होऊ नये.

बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन डॉक्टरांनी लिहिलं असेल तर करा, पण शेजारी क्रिएटिनिन ठेवूनच वाचा, कारण मूत्रपिंड मंदावलं की ते आपोआप चढतं. ईएसआरच्या मागे लागूच नका.

उपचार सुरू होताना

इथे रक्ताच्या चाचण्या खरोखर जीव वाचवतात, म्हणून इथे कंजुषी नको.

करा: पहिल्या केमोआधी हेपटायटिस बीच्या दोन्ही चाचण्या, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी टोटल. जुनी, विसरलेली कावीळ यकृतात झोपलेली असते. रिटुक्सिमॅब तिला जागं करू शकतं आणि ते जिवावर बेततं. प्रतिबंधक गोळी वेळेत सुरू केली तर हे टळतं. एचबीएसएजी निगेटिव्ह आली म्हणून दुसरी चाचणी सोडू नका. एचआयव्ही चाचणीही होईल, त्यात अपमान काही नाही. आणि तरुण मुलगा असेल तर वीर्य साठवण्याबद्दल त्याच्याशी एकट्याशी, केमोआधीच बोला.

करा: ‘ट्यूमर लायसिस’चा धोका किती, ते विचारा. मोठी, वेगवान गाठ पहिल्याच डोसला विरघळते आणि मेलेल्या पेशींतला ऐवज एकदम रक्तात येतो. युरिक अ‍ॅसिड, पोटॅशियम, फॉस्फेट चढतात, कॅल्शियम उतरतं, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, हृदयाचे ठोके चुकू शकतात. धोका जास्त असतो तो पहिल्या दोन-तीन दिवसांत. एलडीएच जितकं चढलेलं, तितकी ही भीती जास्त. म्हणूनच भरपूर सलाइन, अ‍ॅलोप्युरिनॉल आणि दिवसातून अनेकदा रक्त काढणं. ‘सारखं रक्त कशाला काढता?’ म्हणून नर्सशी भांडू नका. या तीन दिवसांत तेच करायचं असतं.

टाळा: शहाळं. बंगळुरात रुग्णालयाच्या फाटकाबाहेरच एळनीरची गाडी असते आणि भेटायला येणारा प्रत्येक जण प्रेमाने शहाळं घेऊन येतो. त्यात पोटॅशियम भरपूर. ट्यूमर लायसिसच्या दिवसांत ते, केळी, फळांचे रस, सुका मेवा, डॉक्टर ‘चालेल’ म्हणेपर्यंत बंद. पाणी मात्र सांगतील तितकं पाजा.

करा: रासबुरिकेज हे इंजेक्शन देणार असतील तर जी-६-पीडी तपासली का विचारा. ती कमतरता असलेल्यांत या औषधाने तांबड्या पेशी फुटतात. आणि इंजेक्शननंतर युरिक अ‍ॅसिडसाठी घेतलेली नळी बर्फात जायला हवी, नाहीतर औषध नळीतही काम करत राहतं आणि आकडा खोटा कमी दिसतो. एलडीएचच्या नेमकं उलट.

टाळा: गुळवेल, पपईच्या पानांचा रस, हळदीच्या कॅप्सूल, गव्हांकुर असं काहीही न सांगता सुरू करणं. पुढच्या रिपोर्टमध्ये यकृताचे आकडे बिघडले तर दोष केमोला द्यायचा की काढ्याला, हे कुणालाच ठरवता येत नाही, आणि मग डोस पुढे ढकलला जातो.

चक्रांच्या मध्ये आणि नंतर

करा: पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन (फिलग्रास्टिम, पेगफिलग्रास्टिम) कधी घेतलं त्याची तारीख वहीत लिहा. हा बाहेरून दिलेला वाढीचा इशाराच आहे, फक्त निरोगी मज्जेसाठी. त्याने एलडीएच, अल्कलाइन फॉस्फटेज आणि युरिक अ‍ॅसिड काही दिवस वाढतं. पेट-सीटीतही सगळी हाडं उजळलेली दिसतात. तारीख ठाऊक नसेल तर हे सगळं रोग उलटल्यासारखं वाटतं आणि घर रडायला लागतं.

करा: पेटच्या रिपोर्टमध्ये ‘डोव्हिल’ गुण शोधा. एक ते तीन चांगले. चार-पाच असतील तर डॉक्टर बहुधा पुन्हा बायोप्सीचं बोलतील. त्याला नाही म्हणू नका, सूज आणि संसर्गही पेटमध्ये चमकतात. शेवटचा पेट केमो संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, घाई करून आधी नको.

टाळा: उपचार संपल्यावर दर महिन्याला स्वतःहून एलडीएच. लक्षणं नसलेल्या माणसात किंचित वाढलेलं एलडीएच रोग परतल्याचं क्वचितच दाखवतं, पण झोप नक्की घालवतं. रोग उलटलाच तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. निदानापासूनची ती दोन वर्षं निर्धोक गेलेल्यांचं पुढचं आयुर्मान त्याच वयाच्या इतर माणसांच्या जवळपास येतं, हे २०१४ साली छापलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. त्या काळात तपासणीच्या तारखा पाळा, नवी गाठ, ताप, घाम, वजन याकडे लक्ष द्या.

रोग उलटलाच तर वाटा संपलेल्या नाहीत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेली नेक्सकार-१९ ही कार-टी पेशींची उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. बंगळुरातल्या इम्युनीलने २०२५च्या जानेवारीत त्याच प्रकारची कार्टेमी आणली. या उपचारात सीआरपी आणि फेरिटिन रोज बघतात, कारण या पेशींनी शरीरात दाहाचं वादळ उठवलं तर ते तिथे दिसतं. आपण त्यासाठी योग्य आहोत का, हा प्रश्न दुसऱ्यांदा केमो सुरू करण्याआधी विचारायचा, नंतर नाही.

खर्चाचं: किडवई ही १९७३ पासूनची सरकारी संस्था आहे, तिथल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जा. कर्नाटकचं रेशन कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक, महाराष्ट्राचं असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना. महाराष्ट्राच्या योजनेतलं रुग्णालय बंगळुरात मिळेलच असं धरून निघू नका, आधी चौकशी करा.

करा: केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइटला ताप पोचला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजले तरी कॅज्युअल्टी. पांढऱ्या पेशी तळाला असताना संसर्ग काही तासांत माणूस नेतो. सोबत केमोची डिस्चार्ज समरी आणि शेवटचा सीबीसी ठेवा. गावाहून आलेल्या आईवडिलांना एक कन्नड वाक्य पाठ करून द्या, रिक्षात आणि दारावरच्या सिक्युरिटीलाही तेच सांगायचं: ‘कीमो नडीता इदे, ज्वर इदे.’ केमो चालू आहे, ताप आहे.